उत्तर जुळले नाही, म्हणून चुकले काय?

फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा सुरू झाली की, खानदेशातील परीक्षाकेंद्रांच्या फाटकाबाहेर एक दृश्य हमखास दिसते. शेवटची घंटा होते, उत्तरपत्रिका गोळा केल्या जातात आणि मुले-मुली घोळक्याघोळक्याने बाहेर पडतात. उन्हाचा ताव वाढलेला असतो. जळगावहून चोपडा-यावलकडे, धुळ्याहून शिरपूर-साक्रीकडे जाणाऱ्या एस. टी. ची वेळ झालेली असते. तरीही पाय स्थानकाकडे वळण्यापूर्वी कडुनिंबाच्या सावलीत प्रश्नपत्रिका उघडली जाते. पेपर इंग्रजीत लिहिलेला असतो, बोलणे मात्र अहिराणीत सुरू होते : "तुनं किती उनं?" कोणी सांगतो, साडेपंधरा व्होल्ट. कोणी म्हणतो, सतरा. तिसऱ्याचे उत्तर दहाच्या आसपास असते. ज्याचे उत्तर कोणाशीच जुळत नाही, त्याचा चेहरा उतरतो.

इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर असला म्हणजे ही कासाविशी अधिकच जाणवते. विषयाचा दुसरा पेपर अजून व्हावयाचा असतो आणि पहिल्याची धास्ती घेऊन घरी गेलेला विद्यार्थी त्याचा अभ्यास मन लावून करू शकत नाही. म्हणून ही उत्तरांची जुळवाजुळव म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्यात तथ्य आहे; परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. उत्तरे पडताळणे हा या शास्त्राचा आत्माच होय. प्रश्न एवढाच आहे की, पडताळावयाचे काय? शेवटचा आकडा, की त्या आकड्यापर्यंत नेणारी वाट?

दोन पेपरांचा विषय

कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात १०+२+३ असा आकृतिबंध स्वीकारला गेला आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या स्तरावर व्यवसायाभिमुख विषयांना स्थान मिळाले. त्यांतील द्विलक्षी अभ्यासक्रमांत इलेक्ट्रॉनिक्सचा समावेश आहे. हा विषय एकूण २०० गुणांचा असून त्यात दोन लेखी पेपर व प्रात्यक्षिक यांचा अंतर्भाव होतो. विज्ञान शाखेचा विद्यार्थी पदार्थविज्ञान व गणित यांच्या बरोबरीने तो घेऊ शकतो. धुळे, जळगाव, नंदुरबार व नाशिक हे जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागात येतात. सुमारे नव्वद किलोमीटर अंतरावर असलेल्या धुळे व जळगाव या शहरांत एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच प्रश्नपत्रिका सोडविली जाते.

यांतील कित्येक विद्यार्थ्यांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत मराठी आणि बारावीच्या विज्ञानाच्या पेपरात इंग्रजी, असा हा तीन पायऱ्यांचा प्रवास असतो. गणित येत असूनही प्रश्नातील एखादा शब्द निसटतो आणि उत्तर बदलते. वानगीदाखल, 'डायोडमधील दाबाची घट दुर्लक्षावी' अशा अर्थाचा अर्धा वाक्यखंड वाचला न गेल्यास उत्तरात दीड व्होल्टपर्यंत फरक पडू शकतो. सावलीत उभे राहून उत्तरे जुळविणाऱ्यांच्या वादाचे मूळ पुष्कळदा अशा न वाचलेल्या अर्ध्या वाक्यात असते.

एक गणित, पाच उत्तरे

हे कसे घडते, ते एका नेहमीच्या गणितावरून पाहू. ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब मिळत आहे. चार डायोडांच्या सेतूमधून तो एकदिश करावयाचा आहे. बाहेर मिळणारा दाब किती?

डायोड म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारे दार. अर्धवाहक स्फटिकाच्या अशाच गुणधर्माचा उपयोग विद्युत्-तरंग ओळखण्यासाठी आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी केला होता आणि गॅलेना या खनिजाच्या त्यांच्या शोधकाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते. सेतूमधील चार डायोड प्रत्यावर्ती प्रवाहाच्या दोन्ही अर्ध्या लहरी एकाच दिशेला वळवितात. येथपर्यंत सर्वांचे एकमत असते. मतभेद पुढे सुरू होतो.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे लहरीचे शिखर नव्हे. ते तिचे परिणामी मूल्य आहे. म्हणजे तेवढ्याच एकदिश दाबाने रोधकात जितकी उष्णता निर्माण होईल, तितकी निर्माण करणारे मूल्य. लहरीचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे जवळजवळ १७ व्होल्ट असते. लहर सतत चढत-उतरत असल्याने तिची सरासरी शिखराच्या ०.६३७ पट भरते. ज्या विद्यार्थ्याने डायोड आदर्श मानले, त्याचे सरासरी उत्तर १०.८ व्होल्ट येते. सिलिकॉन डायोड स्वतःसाठी सुमारे ०.७ व्होल्ट ठेवून घेतो आणि सेतूमध्ये एका वेळी दोन डायोडांतून प्रवाह जातो, हे ज्याने ध्यानात घेतले, त्याने शिखरातून १.४ वजा केले. त्याचे उत्तर ९.९ व्होल्ट येते. ज्याने पुढे भार नसलेला कपॅसिटर, म्हणजे धारित्र, जोडलेले आहे असे धरले, त्याच्या दृष्टीने सरासरीचा प्रश्नच उरत नाही. धारित्र शिखरापर्यंत भरते आणि तेथेच टिकून राहते. आदर्श डायोड धरल्यास १७ आणि खरे डायोड धरल्यास १५.६ व्होल्ट.

ही चार उत्तरे झाली. पाचवे उत्तर ७.६ व्होल्ट. हे लिहिणाऱ्याने १२ हेच शिखर समजून त्याला ०.६३७ ने गुणले.

या पाचांपैकी चार उत्तरे आपापल्या गृहीतांपुरती बरोबर आहेत. प्रश्नाने कोणते गृहीत मागितले होते, त्यावर परीक्षेतील योग्य उत्तर ठरेल. पाचवे उत्तर मात्र कोणत्याही गृहीतावर टिकत नाही, कारण त्यात मूळ संकल्पनेची गल्लत आहे. आता असे समजा की, सावलीतल्या सहा जणांपैकी चौघांनी ७.६ लिहिले आणि एकाने ९.९. बहुमत चौघांचे, पण सेतूमधून वाहणारा प्रवाह बहुमत मोजत नाही. ज्याचे उत्तर एकटे पडले, तोच बरोबर असू शकतो. म्हणून "तुझे किती आले?" या प्रश्नापेक्षा "तू काय धरून चाललास?" हा प्रश्न अधिक उपयोगाचा होय.

सोळा व्होल्टचे धारित्र

हा भेद केवळ गुणांपुरता आहे, असे मात्र कोणी समजू नये. धारित्राच्या अंगावर त्याची सहनशक्ती छापलेली असते : १६ व्होल्ट, २५ व्होल्ट, ३५ व्होल्ट. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हणून १६ व्होल्टचे धारित्र पुरे, असा हिशेब करणाऱ्याने परिणामी मूल्य व शिखर यांची गल्लत केलेली असते. विजेचा पुरवठा नेमका २३० व्होल्ट असेपर्यंत त्या धारित्रावर १५.६ व्होल्ट पडतात. म्हणजे ते कसेबसे तग धरते. रात्री उशिरा वाहिनीवरील भार कमी झाला आणि पुरवठा २५० च्या पुढे चढला, की तोच दाब १७ व्होल्टच्या वर जातो. धारित्र तापते, फुगते आणि एखादे दिवशी फुटते.

खानदेशात याचा अर्थ शेतकऱ्याला लगेच कळेल. केळीच्या वा कापसाच्या रानातील विहिरीवरचा पंप वीज आल्याबरोबर आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर याच तत्त्वावरच्या लहानशा वीजपुरवठ्यावर चालतो. त्यातील धारित्र निकामी झाले, तर पंप सुरू होत नाही आणि रात्रीच्या पाळीतले पाणी हातचे जाते. सावलीत झालेला "बारा की सतरा?" हा वाद पुढे त्या विहिरीपर्यंत पोचतो. परीक्षेत या चुकीची किंमत दोन-तीन गुण असते. रानात ती याहून मोठी असते.

एका रेघेचे महत्त्व

जुळवाजुळवीत सर्वांत क्षुल्लक समजली जाणारी चूक म्हणजे ऋण चिन्ह. ऑप-अँप या विवर्धकाच्या उलट्या जोडणीत १० किलोओहम व १ किलोओहम असे दोन रोधक असतील, तर विवर्धन १० पट होते. पण चिन्ह ऋण असते. आत ०.२ व्होल्ट दिल्यास बाहेर उणे २ व्होल्ट मिळतात. "माझे दोन आले, तुझेही दोनच, फक्त एक रेघ राहिली," असे म्हणून मित्र परस्परांचे समाधान करतात. परंतु ती रेघ म्हणजे लहर उलटी झाली, हे सांगणारे अर्धे उत्तर आहे.

याच गणिताची आणखी एक खुबी आहे. आत २ व्होल्ट दिले तर सूत्राप्रमाणे उणे २० व्होल्ट यावयास हवेत. पण विवर्धकाला पुरवठाच अधिक-उणे १५ व्होल्टचा असेल, तर तो २० कोठून देणार? नेहमीच्या वापरातील ऑप-अँपचा निर्गत दाब अशा वेळी उणे १३ ते १४ व्होल्टच्या आसपास थांबतो. सूत्र पाठ असलेल्याचे उत्तर २०, चिन्ह सांभाळणाऱ्याचे उणे २० आणि मंडल समजलेल्याचे उणे १३ किंवा १४. येथे गुणाकार सर्वांचाच बिनचूक असतो. फरक पडतो तो यंत्राची मर्यादा ओळखण्यात.

दोन आकृत्या, एक अर्थ

याउलट, दिसावयास सर्वस्वी भिन्न असलेली उत्तरे एकच असू शकतात. तर्कद्वारांच्या प्रश्नात हे विशेष घडते. एका विद्यार्थ्याने एकच नॅण्ड द्वार काढलेले असते. दुसऱ्याने दोन नॉट द्वारे व एक ऑर द्वार. दोघेही आकृत्या शेजारी धरून चिंतेत पडतात. वस्तुतः दोन्ही आकृत्या समान आहेत. 'दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या नाहीत' आणि 'दोहोंपैकी निदान एक खोटी आहे' या दोन विधानांचा अर्थ एकच. हा नियम ज्या ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो, त्या इंग्रज गणितज्ञाचा जन्म १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराई येथे झाला होता.

असा वाद मिटविण्यास शिक्षकाची वाट पाहावी लागत नाही. दोन निविष्टी असतील तर शून्य व एक यांच्या चारच जोड्या होतात. तीन असतील तर आठ. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही आकृत्यांचे उत्तर काढून सत्यता-सारणी मांडावी. सर्व ओळी जुळल्या तर आकृत्या समान. एक जरी ओळ चुकली तरी भिन्न. येथे आवाज चढविण्याचे कारण नाही आणि वर्गातील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याच्या शब्दाला वेगळे वजनही नाही.

प्रवाहाच्या बाणाविषयीचा वादही असाच. बाण धनाकडून ऋणाकडे काढावा हा संकेत अठराव्या शतकातला. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये लावला आणि इलेक्ट्रॉन तर उलट दिशेने जातात असे आढळले. संकेत मात्र तसाच राहिला. ट्रान्झिस्टरच्या चिन्हातील बाणही याच रूढ संकेताला धरून आहे. आपण कोणती दिशा धरली हे ज्याने उत्तरात लिहिले, त्याला गोंधळण्याचे कारण उरत नाही.

हजारपटीची चूक

काही फरक मात्र गृहीतांचे नसून निव्वळ घाईचे असतात. किलो, मिली, मायक्रो या उपसर्गांनी दशांश चिन्ह तीन-तीन घरे सरकते. ५५५ हा १९७२ पासून बाजारात असलेला टायमर घ्या. एकस्थिर जोडणीत त्याचा काळ रोध व धारिता यांच्या गुणाकाराच्या १.१ पट असतो. रोध १० किलोओहम आणि धारिता १०० मायक्रोफॅरड असेल तर उत्तर १.१ सेकंद. मायक्रोच्या जागी मिली धरल्यास तेच ११०० सेकंद, म्हणजे अठरा मिनिटांहून अधिक होते. अशा वेळी दुसऱ्याचे उत्तर विचारण्याआधी स्वतःलाच विचारावे की, एवढासा टायमर इतक्या लहान घटकांवर अठरा मिनिटे थांबेल काय? उत्तराचा अंदाज आधी बांधणे आणि मग गणित करणे, ही सवय ज्याला लागली, त्याची हजारपटीची चूक कागदावर उतरण्यापूर्वीच पकडली जाते.

प्रात्यक्षिकातील उलटा न्याय

लेखी पेपरात उत्तर जुळले नाही की भीती वाटते. प्रात्यक्षिकात मात्र उत्तर तंतोतंत जुळले, तरच शंका यावी. सोनेरी पट्टा असलेल्या रोधकाचे मूल्य छापील आकड्याच्या पाच टक्के खाली-वर असू शकते. म्हणजे १ किलोओहमचा रोधक प्रत्यक्षात ९५० ते १०५० ओहम यांमध्ये कोठेही असेल. प्रत्येक टेबलावरचा रोधक निराळा, डायोड निराळा, मीटर निराळा. असे असता दोन विद्यार्थ्यांची दहाही निरीक्षणे शेवटच्या दशांशापर्यंत सारखी आली, तर त्यांतील एकाने मंडल जोडले आणि दुसऱ्याने वही उतरवली, हे अनुभवी परीक्षकाच्या लगेच लक्षात येते. आपल्या मीटरने दाखविलेला आकडा, तो पुस्तकाशी जुळत नसला तरी, जसाच्या तसा लिहिणे आणि फरकाचे कारण नोंदविणे हे खरे प्रात्यक्षिक होय. मित्राचा आकडा पाहून आपला सुधारणारा विद्यार्थी बहुधा बरोबर निरीक्षण खोडून चुकीचे लिहितो.

परीक्षक काय पाहतो?

फाटकाबाहेर उत्तर फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' असते. उत्तरपत्रिका तपासताना तसे नसते. परीक्षकापुढे आदर्श उत्तरे व गुणांची विभागणी असते. सूत्र, आकृती, किंमत घालणे, आकडेमोड व एकक यांना आपापले गुण असतात. ज्याने सूत्र योग्य लिहिले, गृहीत स्पष्ट केले आणि अखेरीस गुणाकारात घसरला, त्याचे सर्व गुण जात नाहीत. उलट ज्याने पायऱ्या गाळून नुसता आकडा लिहिला, त्याला बरोबर आकड्याचेही पूर्ण गुण मिळतीलच असे नाही. परीक्षकानंतर नियामकांकडूनही उत्तरपत्रिकांची फेरपाहणी होते. तेव्हा सावलीत बसून गुणांची बेरीज-वजाबाकी करणारा विद्यार्थी स्वतःला पुष्कळदा परीक्षकापेक्षा अधिक कठोर शिक्षा करीत असतो.

निकालानंतरही मार्ग मोकळे असतात. विहित मुदतीत व विहित शुल्क भरून गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळविता येते आणि ती पाहिल्यानंतर पुनर्मूल्यांकन मागता येते. छायाप्रत हातात आल्यावर विषयशिक्षकाबरोबर बसून एकेक पायरी तपासणे, ही उत्तरे जुळविण्याची खरी जागा होय. विषय राहिलाच, तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. परीक्षेच्या काळात मंडळातर्फे विभागवार समुपदेशकही नेमले जातात. मनावरचा ताण असह्य झाला असता त्यांच्याशी बोलण्यात विद्यार्थ्याने किंवा पालकाने संकोच मानू नये. एका गणिताच्या आकड्यावर कोणाचे आयुष्य ठरत नाही, हे घरातील मोठ्यांनी मुलांना तोंडाने सांगणे अगत्याचे आहे.

जुळविण्याची रीत

मग पेपर सुटल्यावर काय करावे? बोलूच नये असा दंडक घातला तरी तो पाळला जाणार नाही आणि तशी आवश्यकताही नाही. दुसरा पेपर बाकी असेल, तर पहिल्याची चर्चा एस. टी. येईपर्यंतच्या वेळेपुरती ठेवावी. आकडा विचारण्यापूर्वी गृहीत विचारावे : डायोड आदर्श धरला की खरा? शिखर काढले की सरासरी? धारित्र होते की नव्हते? फरक आढळलाच तर तो चिन्हाचा, एककाचा की संकल्पनेचा, हे ठरवावे. चिन्हाची व एककाची चूक असेल, तर दुसऱ्या पेपरात ती टाळण्याचा निश्चय करून विषय सोडावा. संकल्पनेची चूक असेल, तर वहीच्या शेवटच्या पानावर तो प्रश्न टिपून ठेवावा आणि परीक्षा संपल्यावर त्याचा छडा लावावा. ज्याचे उत्तर एकटे पडले, त्याची पद्धत आधी ऐकून घ्यावी. त्याला हसू नये.

धुळे व जळगाव या दोन्ही शहरांत शासकीय तंत्रनिकेतने आहेत, जळगावी विद्यापीठ आहे. बारावीच्या या वर्गांतून बाहेर पडणाऱ्यांपैकी कोणी तेथे शिकेल, कोणी अभियंता होईल, कोणी तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे दुकान टाकेल. तेथे प्रश्नपत्रिका नसेल आणि आदर्श उत्तरही नसेल. समोर बंद पडलेला स्टार्टर असेल, हातात मीटर असेल आणि शेतकरी वाट पाहत उभा असेल. मीटर एक आकडा दाखवील, आकृती दुसरा सांगेल. त्या वेळी दोन्ही आकडे का जुळत नाहीत, हे शांतपणे शोधता येणे, हीच त्याची विद्या ठरेल. तिचा पहिला पाठ कडुनिंबाच्या सावलीतही गिरविता येतो. त्यासाठी "तुझे किती आले?" यापाठोपाठ "कसे आले?" एवढेच विचारावयाचे असते.